रूळ मोजायला नागपूरला

गुरुवार, रात्रीची गाडी

भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल करायला घेतलं की पहिलं भांडण रुळांशी होतं. आपल्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. मॉडेलवाल्यांत सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, त्यात सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान करायचं. भागाकार केला तर रूळ १९.२६ मिलिमीटरवर हवेत. बाजारात मिळतात ते १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनलेले असतात. पावणेतीन मिलिमीटरनं काय होतंय, असं ज्याला वाटतं त्यानं त्या रुळांवर डब्ल्यूएपी-७ इंजिन ठेवून समोरून बघावं. धिप्पाड पैलवानानं पोराच्या चपला घातल्यासारखं दिसतं.

नॅरोगेजचं उलटं आहे. सातपुड्यातल्या आणि विदर्भातल्या नॅरोगेजचं अंतर ७६२ मिलिमीटर, सत्त्याऐंशीनं भागलं की ८.७६. एचओहून लहान असलेल्या ‘एन’ मापाचे तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा, तो भिंगातूनही कळत नाही. थोडक्यात, जी गाडी जमिनीवरून नाहीशी झाली ती टेबलावर चपखल बसते आणि जी रोज डोंबिवलीत माझ्या खिडकीसमोरून धडधडत जाते तिच्यासाठी तडजोड करावी लागते. त्यामुळे नागपूर-छिंदवाडा मार्गावर शोभेल असं एक लहानसं नॅरोगेज स्टेशन करायचं ठरवलं. मापं घ्यायची तर नागपूरला जायला हवं. मावशी तिथेच राहते, राहण्याचा प्रश्न नव्हता.

कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस पकडली. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ ला. मधली चौदा वर्षं बरीचशी घाटांनी खाल्ली. पुढे वऱ्हाडात शिरायची घाई होती ती कापसासाठी. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फुटलेले फाटे नकाशावर पाहिले की हा लोहमार्ग माणसांआधी गठाणींसाठी आखला होता हे लपत नाही.

शुक्रवार

मूर्तिजापूर अंधारातच गेलं. मी मुद्दाम गजर लावून दारात उभा राहिलो होतो, पण थंडी आणि धुकं सोडून फारसं काही दिसलं नाही. शकुंतला ही नॅरोगेज गाडी इथूनच सुटायची, एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर. हीसुद्धा ७६२ मिलिमीटरचीच. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं, मग डिझेल आलं. मार्ग किलिक निक्सन या कंपनीनं बांधलेला, आणि देशातल्या रेल्वेचं सरकारीकरण झालं तरी त्याची मालकी कितीतरी वर्षं खासगीच राहिली. आता गाडी बंद आहे. डब्यातल्या खालच्या बर्थवरच्या आजींना विचारलं, शकुंतलेत बसलात का कधी? म्हणाल्या, “बसलो ना! अन् उतरलोही. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातून चार बोरं तोडायची अन् पुन्हा चढायचं.” ही गोष्ट मी प्रत्येक नॅरोगेजबद्दल ऐकलेली आहे, तरी दर वेळी ऐकायला आवडते.

नागपूर स्टेशनची इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी उद्‌घाटन केलं होतं. सध्या आजूबाजूला पुनर्विकासाची कामं चालू आहेत. पत्रे, क्रेन आणि धूळ यांच्या मधून जुना दगड जेवढा दिसेल तेवढा पाहून घेतला. मी पूर्वेकडून, संत्रा मार्केटच्या दारानं बाहेर पडलो. जानेवारी होता, बाहेर पडताच वास आला.

या शहराचं एक विचित्र वैशिष्ट्य बाहेरच्यांना पटकन कळत नाही. नागपूर नावाचे रेल्वे विभाग दोन आहेत. एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, जिचं मुख्यालय बिलासपूरला आहे. हे आजचं प्रशासकीय त्रांगडं नाही, वारसा आहे. पश्चिमेकडून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आली. पूर्वेकडे सरकारनं राजनांदगावपर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधली, तीही मीटरगेज. मग १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, तिनं तो मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये थेट आसनसोलपर्यंत नेला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कंपनीनं सातपुड्यात नॅरोगेजचं जाळं विणलं. म्हणजे मीटर, ब्रॉड आणि नॅरो, तिन्ही गेज या शहरानं वापरून पाहिली. मीटरगेज तेवढं पाहुण्यासारखं आलं आणि गेलं.

मावशीनं दारातच विचारलं, “इतक्या दुरून आला अन् पाहाले काय जातो, तर रूळ?” जेवायला पाटोडीचा रस्सा होता. त्यामुळे दुपारी काहीच पाहिलं नाही.

शनिवार

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहा खाऊन मेट्रोनं कडबी चौक. तिथून मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळ आहे. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेलं. मोतीबाग हे नॅरोगेजवाल्यांचं माहेर, इथेच डबे-इंजिनांची दुरुस्ती व्हायची. सगळी पोरं टॉय ट्रेनच्या रांगेत असल्यामुळे बाकी आवार मला मोकळं मिळालं.

आधी माझी कामं उरकली. टेप, वही, कॅमेरा. नॅरोगेजच्या रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरचं ठरलेलं माप पाच फूट लांब, सात इंच रुंद, हे वाचून माहीत होतं. एक उघडा पडलेला मोजून पाहिला, कडा झिजल्या होत्या, पण माप तेच. आता गंमत बघा. पाच फुटांना सत्त्याऐंशीनं भागलं की साडेसतरा मिलिमीटर येतात आणि सात इंचांचे दोन मिलिमीटर. काडेपेटीतली काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. गुल कापून टाकला की एका काडीत दोन स्लीपर निघतात! वर चहाच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकली की उन्हातान्हात राखाडी-तपकिरी झालेल्या साल वृक्षाच्या लाकडाचा रंगही येतो. या छंदात इतकं स्वस्त दुसरं काही मिळत नाही.

दुसरं पाहायचं होतं ते डबे जोडणारं कपलिंग. आपल्याला डब्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर धक्का झेलणारे दोन बफर बघायची सवय असते. नॅरोगेजला मधोमध एकच, त्यातच आकडा. वळणं इतकी तीव्र की दोन बाजूंना बफर दिले तर ते एकमेकांत अडकायचे. डोंगरात नॅरोगेज का, याचं उत्तरही तेच आहे. रूळ जवळ असले की वळण आवळून घेता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके लागतात. मँगनीज, कोळसा आणि जंगलातलं लाकूड आणायला एवढं पुरेसं होतं.

टोकन यंत्रापाशी एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. नातू कंटाळला होता, आजोबा मात्र हलायला तयार नव्हते. विचारलं तर कळलं, निवृत्त गार्ड. मग मीच नातवाच्या जागी उभा राहिलो.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून हे यंत्र. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवर एकेक, तारेनं जोडलेलं. आत पोलादी गोळे. एका स्टेशन मास्तरनं पलीकडच्याची परवानगी घेतली की एक गोळा बाहेर पडतो, आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं कुलूपबंद. दुसरा गोळा निघतच नाही. हा गोळा हातात आला तरच ड्रायव्हरनं गाडी काढायची, पुढच्या स्टेशनात तो यंत्रात टाकला की मार्ग मोकळा. प्रत्येक टप्प्याच्या गोळ्याची खाच वेगळी, त्यामुळे सौंसरचा गोळा भलत्याच यंत्रात टाकायचा म्हटलं तरी बसत नाही. वीज लागते ती फक्त कुलपापुरती, बाकी विश्वास लोखंडाच्या तुकड्यावर.

“अन् तो रिंग?” मी भिंतीकडे बोट दाखवलं. वेताचं मोठं कडं, खाली चामड्याची पिशवी.

“गोळा पिशवीत टाकायचा अन् कडं वर धरून उभं राहायचं,” काका म्हणाले. “गाडी थांबत नसे. फायरमन हात बाहेर काढून कडं खांद्यापर्यंत घ्यायचा. मेल गाडी असली तर दणका असा बसे की रात्री चपाती तोडता येत नसे.” त्यांनी शर्टाची बाही वर करून कोपराच्या वरची जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं, कातडी होती साधी. पण ते बघत होते तिकडेच.

नॅरोगेजला कसली मेल गाडी, हे माझ्या मनात आलं. काकांना ते कळलं असावं. “मी आधी ब्रॉडगेजले होतो,” ते म्हणाले, “नॅरोले आल्यावर आराम. इथं गाडी अन् माणूस एकाच चालीनं चालत.”

मॉडेलमध्ये प्लॅटफॉर्मवर कडं धरून उभा असलेला एक माणूस ठेवणार आहे. माणूस दोन सेंटिमीटरचा, कडं तांब्याच्या तारेचं. त्याचा हात किती वर असावा हे काकांनी स्वतः उभं राहून दाखवलं, तोही फोटो काढून घेतला.

रविवार

मावसभाऊ म्हणाला, “दादा, डायमंड पाह्यला नाही तर नागपूर पाह्यलंच नाही. चाल, मी घेऊन चालतो.” मोहननगरच्या बाजूला, संप्रीतीनगरजवळ हे डायमंड क्रॉसिंग आहे. मार्गिकांनी एकमेकींना आरपार छेदलेलं. मोबाइलवर ज्यानं कुणी रेल्वेचा एक तरी व्हिडिओ पाहिला असेल त्यानं हे पाहिलेलं आहे. रुळांवर जाणं गुन्हा आहे आणि मूर्खपणाही, आम्ही बाहेरूनच पाहिलं.

यावर नागपूरकर मनापासून भांडतात. नेहमीचं म्हणणं असं की हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. मी भावाला नकाशा दाखवला. मुंबईची गाडी आणि चेन्नईची गाडी, नागपुरातून दोन्ही अजनीकडूनच बाहेर पडतात, एकाच वाटेनं. त्यांची फारकत होते ती वर्ध्याजवळ, सेवाग्रामला, पाऊणशे किलोमीटर पुढे. नागपुरात उत्तरेची आणि पूर्वेची वाट भेटते, हे खरं. पण चार दिशांचा रेखीव अधिक चिन्हासारखा छेद या एका ठिकाणी आहे हे भूगोलापेक्षा अभिमानानं काढलेलं चित्र आहे. भाऊ म्हणाला, “वर्धा म्हणजे नागपूरच ना बाप्पा!” यावर मी काय बोलणार.

पण भांडण बाजूला ठेवा, डायमंडचं खरं नवल तो कुठे आहे त्यात नाही, तो कसा टिकतो त्यात आहे. साध्या सांध्यावर निदान रूळ त्याच रेषेत पुढे जातो. इथे एका रुळानं दुसऱ्याला कापलेलं, आणि चाकाची आतली कड जायला प्रत्येक छेदावर फट ठेवावीच लागते. चाक त्या फटीवरून क्षणभर अधांतरी जातं आणि पुढच्या टोकावर आपटतं. बावीस डब्यांच्या गाडीचे अठ्ठ्याऐंशी आस, इंजिनाचे सहा, एकूण चौऱ्याण्णव. आडवी मार्गिका ओलांडताना प्रत्येक चाकाला तिचे दोन रूळ लागतात, म्हणजे एका मार्गिकेपायी एका बाजूच्या चाकांचेच एकशे अठ्ठ्याऐंशी घाव. मालगाडी आली तर मोजणं सोडून द्यावं. आवाजही साध्या सांध्यासारखा दोन ठेक्यांत येत नाही, ढोल-ताशाच्या पथकात एकाचा ठेका चुकल्यासारखा गोळा होऊन येतो, आणि पायाखालची जमीन सांगते तो किती टनांचा आहे.

एवढे घाव साधं पोलाद सहन करत नाही. क्रॉसिंगसाठी मँगनीज मिसळलेलं ओतीव पोलाद वापरतात, बारा-तेरा टक्के मँगनीज असलेलं. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञानं १८८२ मध्ये ते शोधलं. त्याचा गुण असा की मार खाल्ला की ते अधिक कडक होतं. आणि मँगनीज निघतं कुठे? रामटेकजवळ मनसरला, भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गला, पलीकडे बालाघाटला. मँगनीज काढणाऱ्या ‘मॉयल’ या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. या मार्गांवरून पिढ्यान्‌पिढ्या जो माल गेला, त्यानंच छेदावरचा हा पोलादी तुकडा टिकतो. मनसरचं खनिज नेमकं इथल्याच तुकड्यात आहे असा माझा दावा नाही, पण बसल्या बसल्या विचार करायला बरं वाटलं.

डायमंडला हलता भाग एकही नाही. काटे बदलत नाहीत, ड्रायव्हरला निवड नाही, सरळ आला तो सरळच जाणार. सगळी राखण सिग्नलची. मॉडेलमध्ये मात्र हा बिनहालचालीचा तुकडाच सर्वांत छळतो. आपल्या गाड्यांना बारा व्होल्टची वीज रुळांतून मिळते, एक रूळ धन, दुसरा ऋण. डायमंडमध्ये एका मार्गिकेचा धन रूळ दुसरीच्या ऋण रुळाला भिडतो आणि ठिणगी पडते. म्हणून छेदाचे कोपरे प्लास्टिकचे करून वीज तोडावी लागते. मग लहान इंजिन त्या प्लास्टिकवर येऊन ठप्प उभं राहतं आणि बोटानं ढकलावं लागतं. पाहुणे नेमके तेव्हाच बघत असतात.

सोमवार

इतवारीहून छिंदवाड्याची गाडी. नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली, आता ब्रॉडगेज, विजेच्या तारांखालून. कोराडीच्या चिमण्या, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळोद. मी सौंसरला उतरलो. राज्य मध्य प्रदेश, पण पानठेल्यावरच्या गप्पा मराठीत चालल्या होत्या.

नॅरोगेजच्या खुणा शोधायच्या असतील तर स्टेशनात शोधू नयेत, थोडं बाहेर जावं. नव्या मार्गाच्या बाजूला मध्येच एखादा अरुंद भराव शेतात घुसतो. नाल्यावर दगडी मोरी दिसते, दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भरेल एवढ्या रुंदीची, आणि वर रूळ नाहीत. अशा एका मोरीवर एक बाई तुरीच्या शेंगा वाळत घालत होत्या. मोजू का, विचारलं. “मोजा की. सरकार घेऊन राहिलं का परत?” मी नाही म्हटलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

पुढे रामाकोना, मग भंडारकुंड-भिमालगोंदीचा घाट. तो राहिला, कारण परतीची गाडी गाठायची होती. इतवारी-नागभीडची नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत चालत होती. उमरेड, भिवापूर, मिरच्यांच्या पोत्यांच्या वासातून जाणारी. तिच्यात बसलो होतो, एवढं तरी पदरात आहे.

मंगळवार

सकाळी झिरो माईल. चार घोडे, दगडी खांब, गावांची अंतरं. हा देशाचा मध्य की नाही यावर भावाशी भांडलो नाही, डायमंडनंतर हिंमत उरली नव्हती. अजनीच्या इंजिन शेडमधली डब्ल्यूएजी-९ इंजिनं बाहेरून दिसली, बारा हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ काही दिसलं नाही. या नावांतला डब्ल्यू म्हणजे वाइड, ब्रॉडगेजची खूण. मीटरगेजला वाय, ७६२ च्या नॅरोगेजला झेड. म्हणून मोतीबागेतली डिझेल इंजिनं झेडडीएम.

दुपारी गड्डीगोदामला गेलो आणि दोन तास तिथेच गेले. खाली कामठी रोड, त्याच्या डोक्यावर रेल्वेचे रूळ, त्याहून वर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. चार थर. चालू लोहमार्गावरून ऐंशी मीटरचा, सोळाशे टनांहून जड पोलादी सांगाडा सरकवत नेऊन बसवलाय. मी रस्त्याच्या कडेला चहावाल्याच्या बाकावर बसून चारही थरांवर एकाच वेळी काहीतरी जातंय असा क्षण पकडायचा प्रयत्न करत होतो. रस्ता आणि पूल कधी रिकामे नसतातच, मेट्रो ठरावीक वेळानं येते, अडतं ते मालगाडीपाशी. एकदा जमलं, पण नेमका समोर पाण्याचा टँकर आला. चहावाला म्हणाला, “थांबा ना, अजून एक येते.” आली, पण तोवर मेट्रो गेली होती. पुढच्या वेळी जमलं, तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो.

जाण्याआधी बांधकामाच्या ढिगातून, मालकाला विचारून, मूठभर बारीक गिट्टी घेतली. मावशीची जुनी चहाची गाळणी मागितली. तिच्यातून जे खाली पडतं तेच सत्त्याऐंशीच्या मापात रुळांखालची खडी म्हणून चालतं. “गोटे चाळाले गाळणी पाहिजे तुले?” मावशीनं गाळणी दिली, वर संत्र्यांची पिशवी आणि पुडाच्या वड्याही दिल्या.

स्टेशनवर भावाची यादी तयार होती. प्लॅटफॉर्मवर तर्री पोह्याचा ठेला पाहिजे. पाटीवर नाव मराठीत पाहिजे. तर्री लाल दिसली पाहिजे. मी म्हटलं, पोह्याची ताटली या मापात दोन मिलिमीटरची होईल, त्यात तर्री कुठून दिसणार? “ते तू पाह्य,” तो म्हणाला, “अन् लिंबू विसरू नको.”